शिकाऊ हातांस सरकारी साह्य

"मुलगा काय शिकतो?" असे कोणी विचारले, तर "आयटीआयमध्ये आहे" असे सांगावयास उज्जैनच्या मराठी घरांत अद्यापही थोडा संकोच वाटतो. पदवी म्हणजे शिक्षण आणि पाना-हातोडी म्हणजे नाइलाज, ही आपली जुनी समजूत. परंतु विनोद मिल व हिरा मिल यांचे भोंगे बंद झाले, आणि आज देवास मार्गावरील विक्रम उद्योगपुरीतील कारखान्यांना फिटर, वेल्डर व इलेक्ट्रिशियन हवे आहेत. तेव्हा या शिक्षणास सरकार कोणते साह्य देते, हे आपण नीट समजून घेऊ.

हे साह्य मुख्यतः दोन प्रकारचे आहे.

पहिले शुल्काचे. मध्य प्रदेश शासनाने 2018 साली मुख्यमंत्री जनकल्याण शिक्षा प्रोत्साहन योजना काढली. आई किंवा वडील असंघटित कामगार म्हणून नोंदलेले असतील, तर मुलाचे शिक्षणशुल्क शासनाने भरावे, असा तिचा हेतू. पॉलिटेक्निक व आयटीआय यांचाही तीत समावेश झाला.

दुसरे विद्यावेतनाचे. 2023 साली मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना निघाली. 18 ते 29 वर्षे वयाच्या, राज्यातील रहिवासी तरुणांनी कारखान्यात अगर आस्थापनात प्रत्यक्ष काम शिकावे, अशी ही योजना. त्या वेळी ठरलेले मासिक विद्यावेतन असे: बारावी उत्तीर्णास 8,000 रुपये, आयटीआय झालेल्यास 8,500, पदविकाधारकास 9,000 आणि पदवीधरास 10,000.

यांतील 75 टक्के शासनाने व 25 टक्के मालकाने द्यावयाचे. म्हणजे आयटीआय झालेल्या मुलाच्या 8,500 रुपयांत शासनाचे 6,375 आणि मालकाचे 2,125.

हिशेब सरळ आहे. अडचण निराळीच आहे. विद्यावेतन हाती पडते ते महिनाभर काम झाल्यावर. बसचे भाडे, जाड बूट व खोलीची अनामत मात्र पहिल्याच दिवशी लागते. तराना किंवा महिदपूरहून येणारा गरीब मुलगा नेमका येथेच अडतो. कित्येकदा समग्र आयडीवरील नाव व गुणपत्रिकेवरील नाव जुळत नाही, किंवा बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसते. आणि पात्र असूनही मुलगा मागे राहतो.

आपल्यासारख्या न्यासाचे काम येथे सुरू होते, असे आम्हांस वाटते. सरकारच्या पैशाची बरोबरी आपण करू शकणार नाही, व करण्याचे कारणही नाही. सरकारचा पैसा येईपर्यंतचा एक-दोन महिन्यांचा काळ आपण सांभाळावा. बिनव्याजी हातउसने द्यावे. विद्यावेतन सुरू झाल्यावर ते हप्त्याहप्त्याने परत यावे, म्हणजे तीच रक्कम पुढच्या मुलाच्या उपयोगी पडेल. तसेच आठवड्यातून एक संध्याकाळ कोणा निवृत्त बंधु-भगिनीने मुलांचे कागद तपासण्यास द्यावी.

आपल्या ओळखीतील एखादा मुलगा वा मुलगी केवळ बसभाड्यावाचून घरी बसली आहे काय, एवढे प्रत्येक वाचकाने आज आपल्या आळीत विचारून पाहावे, ही आमची विनंती.