मंद गतीने शिकणारे मूल

सहा-सात वर्षांचे मूल वर्गात मागे पडू लागले, की ते आळशी आहे किंवा हट्टी आहे, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. त्याआधी त्याला फळा नीट दिसतो काय व शिक्षकांचे बोलणे ऐकू येते काय, हे तपासणे आवश्यक असते. दृष्टिदोषामुळे किंवा कान वारंवार फुटत असल्यामुळे हुशार मूलही मंद भासू शकते. घरची भाषा निराळी असेल, तर तोही विचार करावयास हवा.

केवळ वाचनात अडखळणारे, पण तोंडी उत्तरे चटकन देणारे मूल वेगळ्या प्रकारात मोडते. येथे अभिप्रेत असलेल्या मुलाची गती सर्वच विषयांत मंद असते. ते बहुधा उशिरा बोलू लागलेले असते. “दप्तर ठेव, हात धू आणि पाट मांड,” असे सांगितल्यास ते दप्तर ठेवते व उभे राहते. पुष्कळदा ते आपल्याहून लहान मुलांत रमते. अशा मुलाची वही मात्र कधीकधी अतिशय नेटकी असते, कारण पाहून उतरविण्याची कला त्याने साधलेली असते. तीच वही वाचावयास सांगितली, म्हणजे खरी स्थिती कळते.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व थेओदोर सिमाँ यांनी आपली बुद्धिमापन श्रेणी सिद्ध केली, ती अशाच मुलांना शोधून त्यांच्या शिक्षणाची निराळी सोय करण्यासाठी. बुद्धी जन्मतःच कायमची ठरलेली असते, हे मत बिने यांना मान्य नव्हते. त्यांच्या कसोट्या वापरणाऱ्या अनेकांना मात्र याचा विसर पडला. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी ही श्रेणी मराठी व कन्नड मुलांसाठी अनुकूल करून घेतली.

शिकविताना वस्तूंवरून एकदम अंकांवर उडी घेणे ही नेहमीची चूक होय. तीन आणि दोन मिळून पाच, हे आधी चिंचोके हाताळून, मग चित्रांवरून व त्यानंतरच अंकांनी शिकवावे. पाठ दहा-पंधरा मिनिटांचा, पण रोजचा असावा. सदऱ्याची गुंडी लावणे शिकवावयाचे असेल, तर आईने गुंडी काजात अर्धी सरकवून द्यावी आणि शेवटचा ओढा मुलाने द्यावा. तो साधला, की त्याआधीची एक कृती त्याच्याकडे सोपवावी.