अमेरिकेच्या रानातली ‘कोथिंबीर’ खावी का?

प्रश्न : उन्हाळ्यात मुलीकडे ओहायोला होतो. घरामागच्या रानात, मोठ्या झाडांच्या सावलीत, गुडघ्याच्या वर येणारी एक वनस्पती जागोजागी दिसली. बेलासारखे त्रिदळ, कडा दातेरी, वर अगदी बारीक पांढरी फुले. पान चुरगळले की कोथिंबीर आणि सेलरी यांच्या मधला वास. शेजारचे आजोबा म्हणाले, ही होनवर्ट, आम्ही लहानपणी खायचो. खरेच खाता येते का? आपल्याकडे हिचे कोणी नातेवाईक आहेत का? आणि बी आणून कुंडीत लावले तर?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वर्णनावरून आजोबांचे बरोबर असावे. क्रिप्टोटेनिया कॅनडेन्सिस हे तिचे शास्त्रीय नाव. कॅनडाच्या पूर्व भागापासून खाली टेक्सासपर्यंत, ओलसर आणि सावलीच्या पानगळी रानात ती आपसूक वाढते. वसंतात, फुलोरा येण्याआधीची कोवळी पाने कच्ची किंवा सूपमध्ये टाकून खातात. मुळेही उकडून खाल्ली जातात. फुले आली की पाने राठ होतात, त्यामुळे उन्हाळ्यात तुम्ही ती चाखली असती तरी फारसे काही हाती लागले नसते.

नातेवाईक म्हणाल तर तुमचे स्वयंपाकघर त्यांनीच भरलेले आहे. ही वनस्पती गाजराच्या कुळातली. धने, जिरे, शहाजिरे, ओवा, बडीशेप, शेपू, कोथिंबीर आणि हिंगसुद्धा त्याच कुळातले. फोडणीत हिंग-जिरे पडते तेव्हा एकाच घराण्यातली दोन माणसे तेलात उतरतात. आपण जिरे किंवा धने ‘बी’ म्हणतो, पण ती खरे तर फळे आहेत. त्यांच्या आत सुगंधी तेलाच्या बारीक नळ्या असतात. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात पांढऱ्या फुलोऱ्यांनी उठून दिसणारी पिंडा हीदेखील याच कुळातली.

पण होनवर्टचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक भारतात शोधण्यापेक्षा जपानकडे बघा. तिथली मित्सुबा इतकी सारखी दिसते की काही वनस्पतिशास्त्रज्ञ तिला होनवर्टचीच उपजात मानतात. फरक नशिबाचा. अमेरिकेतली रानातच राहिली आणि जपानमधली शेतात गेली. चावानमुशी या वाफवलेल्या अंड्याच्या पदार्थात, पातळ सूपमध्ये, भातावर वाढलेल्या कोंबडी-अंड्यात मित्सुबा लागतेच. ती घालतात मात्र अगदी शेवटी, कारण जास्त शिजली की वास उडून जातो. आपण आमटीवर कोथिंबीर भुरभुरतो त्याचेही कारण हेच.

मध्ये अख्खा पॅसिफिक महासागर असताना ही दोन झाडे एवढी सारखी कशी? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात हार्वर्डच्या असा ग्रे यांना पडला होता. चार्ल्स राइट या संग्राहकाने जपानहून आणलेले वाळवलेले नमुने तपासताना त्यांना दिसले, की जपानची कितीतरी झाडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापेक्षा पूर्वेकडच्या रानांशी जास्त जुळतात. ग्रे यांनी 1859 मध्ये मांडले, की कधीकाळी उत्तर गोलार्धात या वनस्पती सलग पसरलेल्या होत्या. हवामान थंड होत गेले तशा त्या दक्षिणेकडे सरकल्या आणि दोन टोकांना तगून राहिल्या. जिनसेंगचीही हीच गोष्ट: एक जात पूर्व आशियात, दुसरी पूर्व अमेरिकेत. त्याच वर्षी ग्रे यांचे पत्रमित्र डार्विन यांचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला. तुमच्या मुलीच्या परसदारचे त्रिदळ हा ग्रे यांच्या त्या मांडणीचा छोटासा पुरावा आहे.

आता खाण्याकडे वळू, कारण इथे मला थोडे कडक बोलायचे आहे. गाजराच्या कुळात जेवढे चविष्ट तेवढेच जीवघेणे. सॉक्रेटिसला इसवी सनपूर्व 399 मध्ये जे हेमलॉक प्यायला लावले ते याच कुळातले. युरोपातून आलेले ते झाड आज अमेरिकेत रस्त्याकडेला, चरांत, पडीक जमिनीवर माजलेले आहे. त्यातल्या विषाने स्नायू लुळे पडत जातात आणि शेवटी श्वास थांबतो. दुसरे वॉटर हेमलॉक. ते अमेरिकेचे मूळ रहिवासी, ओढ्याकाठी आणि दलदलीत वाढणारे. त्याच्या विषाने झटके येतात आणि काही तासांत माणूस जाऊ शकतो. दोन्हींवर उतारा नाही. हॉस्पिटलमध्ये फक्त रुग्णाला तगवून धरायचा प्रयत्न करता येतो.

तुमच्या पत्रातला ‘कोथिंबीर’ हा शब्द मला म्हणूनच खटकला. पहिल्या वर्षीचे हेमलॉक कोथिंबीर किंवा गाजराच्या पाल्यासारखेच बारीक कातरलेले दिसते. होनवर्टचे पान तसे नसते: तीन रुंद दले, दुहेरी दातेरी कडा, बस्स. हेमलॉकच्या गुळगुळीत देठावर जांभळे ठिपके असतात. होनवर्टचा देठ गुळगुळीत, पण बिनठिपक्यांचा. या कुळातला फुलोरा बहुधा नीट उघडलेल्या छत्रीचा असतो, होनवर्टच्या काड्या मात्र कमी-जास्त लांबीच्या, त्यामुळे फुलोरा विसकटलेला वाटतो. सॅनिकल नावाची आणखी एक रानवनस्पती तिच्यासारखी दिसते, पण तिची फळे काटेरी असतात आणि कपड्यांना चिकटतात. आणि त्रिदळ दिसले की आधी पॉयझन आयव्ही नाही ना, हे बघायचे. ती आपल्या बिब्ब्याच्या कुळातली. बिब्बा उतलेला ज्याने पाहिला आहे त्याला त्या पुरळाबद्दल वेगळे सांगायला नको.

हे वाचून ‘आता ओळखता येईल’ असे वाटले तर थांबा. लेख वाचून, मोबाइलवर फोटो काढून किंवा ॲपला विचारून या कुळातली वनस्पती तोंडात घालू नये, हे माझे ठाम मत. शेवळाची भाजी आपण विकणाऱ्या मावशींच्या भरवशावर घेतो. कोणते शेवळ घ्यायचे आणि खाज मोडायला काकडाची फळे घालायची, हे त्यांना हयातभराच्या अनुभवाने ठाऊक असते. ओहायोत तुमच्याकडे ते आजोबा आहेत. पुढच्या खेपेला एप्रिल-मे महिन्यांत गेलात तर त्यांच्याबरोबर रानात जा आणि आधी त्यांना हेमलॉक दाखवायला सांगा, होनवर्ट नंतर. रान कोणाचे आहे हेही विचारा. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत झाडपाला तोडायला सर्वसाधारणपणे मनाई असते.

बियांचे उत्तर सोपे आहे: आणू नका. परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर परदेशी बियाणे भारतात आणता येत नाही. 2003 च्या केंद्र सरकारच्या आदेशात त्याचे नियम आहेत. चवीची उत्सुकता असेल तर मुलीला जवळच्या जपानी किराणा दुकानात मित्सुबा विचारायला सांगा. शेतात पिकवलेली, मुळांसकट जुडी बऱ्याचदा तिथे मिळते आणि ती हेमलॉक तर नाही ना, ही शंका मनात घेऊन जेवायला बसावे लागत नाही.