शेवंती संपली, मोगरा लांब

प्रश्न : नाशिकला आमची गच्चीवर बाग आहे. जानेवारीत शेवंती संपते, मोगरा येतो एप्रिलमध्ये. मधल्या काळात फुलं कशी मिळतील?

उत्तर : मुघलांनी ज्या गावाला गुलशनाबाद म्हटलं, तिथे ही तक्रार! पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थसची तयार रोपं रोपवाटिकेतून आणून आता कुंडीत लावा, होळीपर्यंत फुलतील. बी पेरायची वेळ मात्र ऑक्टोबरमध्येच गेली.

गुलाबाचं सुकलेलं फूल नुसतं खुडू नका. देठावरून खाली या. पाच पर्णिकांचं पहिलं पान दिसलं की त्याच्या जरा वर तिरका काप द्या. पानाच्या बगलेतला लालसर डोळा फुगतो, आणि सहा-सात आठवड्यांत तिथूनच नवं फूल येतं. एक कुंद जरूर लावा. माघात पांढराशुभ्र फुलतो, पण हल्ली कुणाला आठवतच नाही.

मोगऱ्याचं पाणी आठवडाभर तोडा, मग छाटणी करून शेणखत घाला. मार्चअखेर कळ्या धरतील. आणि शेवंती उपटू नका. वीतभर ठेवून कापा, बुडाशी फुटणाऱ्या काश्या पुढच्या हंगामाला लागतील.