आधी कान, मग अ‍ॅम्प

बाळ, गाण्याचं रेकॉर्डिंग घरीच करायचं ठरवलंस, हे फार चांगलं केलंस. हेडफोन, अ‍ॅम्प आणि कॉम्प्युटर तिन्ही एकदम घ्यायचंय आणि पैसे बेताचे आहेत, असं ताई म्हणाली. माझं आयुष्य दुरुस्तीच्या टेबलाशी गेलं, त्यावरून सांगतो. चांगला हेडफोन सांभाळून वापरला तर वीस वर्षं जातो. कॉम्प्युटर पाच-सहा वर्षांत मागे पडतो. अ‍ॅम्पची तर पुष्कळदा गरजच नसते. म्हणून पैशांची वाटणी करताना हेडफोनपासून सुरुवात कर.

तुला माइकसमोर गायचंय, म्हणून बंद पाठीचा, वायरचा हेडफोन घे. उघड्या पाठीचे हेडफोन ऐकायला मोकळे वाटतात, पण त्यातला तानपुरा बाहेर येऊन माइकमध्ये शिरतो. शिवाय आपल्या घरात पंखा, कुकर आणि रस्ता सदैव चालूच असतात. ब्लूटूथ तर गाताना नकोच. आवाज क्षणभर उशिरा पोचतो आणि लयीत राहणं मुश्किल होतं.

दुकानात जाताना स्वतःच्या ओळखीचं संगीत घेऊन जा. दुकानदार लावतो ती गाणी त्या हेडफोनवर छान वाजतात म्हणूनच लावलेली असतात. विलंबित ख्यालाइतकी कडक परीक्षा दुसरी नाही. आधी तानपुऱ्याची जवारी ऐक. तार छेडल्यावर नादाचे पदर उलगडत जातात, ते वेगवेगळे कळले पाहिजेत. हलक्या हेडफोनमध्ये त्यांची नुसती एक सलग गुणगुण होते, नाहीतर वरचा भाग चरचरतो. मग डग्ग्याकडे लक्ष दे. घुमारा भरघोस आला की पहिल्यांदा बरं वाटतं, पण तो गायकाच्या खर्जावर चढून बसतोय का ते बघ. तबलजी तळहात घासत डग्ग्याचा स्वर वर नेतो, तो चढताना प्रत्येक टप्प्यावर ऐकू यायला हवा. नुसतं 'धुम्म' ऐकू आलं तर तो हेडफोन परत ठेव, किंमत कितीही असो.

दोन हेडफोन पारखताना दोन्हींचा आवाज सारखा ठेव. जरासा मोठा वाजणारा कानाला नेहमीच सरस वाटतो, आणि त्यावर खूप माल विकला जातो. चष्मा घालूनच ऐक. काडीमुळे पॅड आणि कान यांत फट पडली की खालचे स्वर गळतात. आणि पॅड, वायर सुट्या मिळतात का ते आधी विचार, कारण हेडफोनचं म्हातारपण तिथूनच सुरू होतं. सेनहायझरचा एचडी ६०० १९९७ पासून बाजारात टिकून आहे, त्याला हे सुटे भाग मिळणं हेही एक कारण आहे.

आता अ‍ॅम्प. खोक्यावर ओहमचा आकडा असतो, त्यावरून लोक लगेच घाबरतात. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन तऱ्हांत मिळतो. लॅपटॉप, मोबाइल किंवा साध्या डोंगलवर चालवायचा तर ३२ किंवा ८० चा घ्यावा. २५० ओहमच्या हेडफोनला करंट थोडा लागतो, पण व्होल्टेज जास्त लागतं. चांगला यूएसबी डोंगल साधारण १ व्होल्ट देतो आणि घरात शांतपणे ऐकायला तेवढं बहुतेक वेळा पुरतं. म्हणून आधी डोंगलवर ऐकून बघ. आवाजाचा काटा पूर्ण वर नेऊनही हलक्या आवाजातलं रेकॉर्डिंग पोचत नसेल, तरच अ‍ॅम्प घे. एरवी तो पैसा हेडफोनमध्ये घाल. तुला माइकसाठी ऑडिओ इंटरफेस घ्यावाच लागेल, आणि त्याला हेडफोनचं भोक असतंच. मग वेगळा अ‍ॅम्प कशाला?

अ‍ॅम्प घ्यायचीच वेळ आली तर वॅटपेक्षा त्याचा आउटपुट इम्पीडन्स विचार. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्शाहून कमी हवा, म्हणजे ३२ ओहमला ४ च्या आत. घरातल्या जुन्या स्टीरिओ अ‍ॅम्पचं हेडफोनचं भोक बऱ्याचदा स्पीकरच्याच लाइनवर मोठा रेझिस्टर टाकून काढलेलं असतं. तिथे कमी ओहमचा हेडफोन लावला की खालचे स्वर फुगू शकतात.

आवाज वाढवण्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी घातलेली मर्यादा आहे. दर ३ डेसिबल वाढले की ही मुदत निम्म्यावर येते. आतल्या कानातल्या केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तू गाणारी आहेस, तेव्हा हे काटेकोर पाळ.

कॉम्प्युटरमध्ये गाण्याच्या कामाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. फक्त इंटेलचा प्रोसेसर घेणार असशील तर त्याच्या नावाच्या शेवटी 'एफ' आहे का बघ; त्यात चित्र दाखवणारा भागच नसतो, मग कार्ड घेणं भाग पडतं. रॅम एका पट्टीत न घेता सारख्या दोन पट्ट्यांत घे. एसएसडी नवीच घे. प्रोसेसर मात्र जुना चालतो, तो सहसा बिघडत नाही.

जुना कधीही घेऊ नये असा भाग म्हणजे एसएमपीएस, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट मिळतो तोही नको. त्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं असतं. तू लेबल वाच. +१२ व्होल्टसमोर किती अँपिअर आहेत ते शोध आणि गुणाकार कर. १४ अँपिअर असतील तर १६८ वॅट झाले, आणि आजचा कॉम्प्युटर जवळपास सगळा त्याच लाइनवर चालतो. खऱ्या ४५० च्या लेबलवर तिथे ३६ च्या आसपास आकडा असतो. '८० प्लस'चा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, संरक्षणाचं काही सांगत नाही. हलका एसएमपीएस जाताना मदरबोर्ड आणि डिस्कही घेऊन जातो, आणि तुझी रेकॉर्डिंगं त्या डिस्कवर असणार. त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवच.

सगळं जोडल्यावर हेडफोनमध्ये 'घूं' ऐकू आलं, किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर कुणी सांगितलं म्हणून अ‍ॅम्प बदलू नकोस. इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घे. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकाला पुष्कळदा वायरच नसते. आणि माऊस हलवल्यावर खरखर येत असेल तर हेडफोन कॅबिनेटच्या भोकातून काढून इंटरफेसमध्ये लाव, बहुधा ती थांबेल.

पुण्यात तापकीर गल्लीत घे किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला, बिल पक्कं घे आणि एसएमपीएस, मदरबोर्ड, रॅम यांचे सीरियल नंबर त्यावर लिहून घे. 'कच्च्या बिलात स्वस्त पडेल' असं कुणी म्हणालं तर वॉरंटी सोडून द्यायला सांगतोय असं समज. यादी झाली की पैसे देण्याआधी मला पाठव. एसएमपीएसच्या लेबलचा फोटो त्यात हवाच, आकडे वाचता येतील असा.