मुलं जमिनीवर वाढतात

डोंबिवलीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी पाळणाघर चालवते. नुकत्याच बसायला लागलेल्या बाळापासून शाळा सुटल्यावर येणाऱ्या पहिलीतल्या मुलांपर्यंत सगळे असतात, आणि सगळ्यांचा दिवस जमिनीवरच जातो. खाणं जमिनीवर, झोप जमिनीवर, रुसून आडवं पडणंही जमिनीवरच. घरी मुलांसाठी वेगळी खोली करणारे आईबाबा मला हमखास विचारतात, "ताई, खाली काय घालू?" तोवर भिंतीचा रंग, पडदे, कपाट सगळं ठरलेलं असतं आणि जमीन उरलेल्या पैशांवर येते. माझं म्हणणं उलटं आहे. रंगाचा डबा उघडायच्या आधी जमीन ठरवा. रोज मुलांच्या मागे लादी पुसताना जे कळत गेलं, ते लिहिते आहे.

१. आहे ती लादी वाईट नाही.

नव्या इमारतींत बहुतेक ठिकाणी दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स असतात, जुन्या घरांत मोझॅक, गावाकडे शहाबादी किंवा कोबा. यातलं काहीही उखडायची गरज नसते. लादी पुसली की स्वच्छ होते, सांडलेलं दूध चटकन दिसतं, मुंग्यांची रांग लपत नाही. तिचे दोष दोनच. ती कडक आहे, आणि पॉलिशची असेल तर पाणी पडल्यावर घसरते, पायात मोजे असतील तर कोरडी असतानाही घसरते. शहाबादीचे पापुद्रे निघाले असतील किंवा सांधे उघडे पडले असतील तर पांढऱ्या सिमेंटने भरून घ्या. रांगणाऱ्या मुलाचं बोट बरोबर तिथेच जातं.

लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेटचा आग्रह खूप होतो. त्याच्या पोटात लाकडाचा दाबलेला भुसा असतो आणि सांध्यातून पाणी आत गेलं की तो फुगतो. मुलांच्या खोलीत पाणी सांडत नाही असा दिवस नसतो. तिथे लॅमिनेट नको, हे मी ठामपणे सांगते.

२. सगळी खोली झाकू नका.

खोली दहा बाय अकराची असेल तर ११० चौरस फूट भरतात. दुकानदार तेवढ्याचाच हिशेब मांडतो. पण लहान मूल जिथे बसतं, लोळतं, पडतं ती जागा सहा बाय सहा फुटांत मावते. म्हणजे ३६ चौरस फूट, फोमच्या मॅटचे दोन बाय दोनचे नऊ तुकडे. खर्च एकदम एक तृतीयांशावर येतो, आणि वाचलेल्या पैशांत जाड, चांगला माल घेता येतो.

उरलेली लादी उघडी राहिली तर मुलांचं काही बिघडत नाही, उलट त्यांना ती लागते. मऊ मॅटवर ठोकळ्यांचा मनोरा उभा राहत नाही, मोटारी पळत नाहीत, भोवरा फिरत नाही. मे महिन्यात तर मुलं आपणहून मॅट सोडून लादीवर पोट टेकून झोपतात. त्यांना झोपू द्या.

३. पाणी वरून येतं तसं खालूनही येतं.

या एका गोष्टीवर मी सगळ्यांत जास्त बोलते, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. "ताई, वॉटरप्रूफ आहे, बिनधास्त घ्या," एवढंच ऐकू येतं. लादीवर पसरायच्या प्लास्टिकच्या रोलमधून पाणी आरपार जात नाही, हे खरं. पण तळमजल्यावर जमिनीतली ओल लादीच्या सांध्यांतून सतत वर येत असते. उघड्या लादीवर ती हवेत उडून जाते. वर प्लास्टिक पसरलं की तिला वाट राहत नाही आणि ती तिथेच साठते. शिवाय कडेने शिरलेलं फडक्याचं पाणी असतंच. श्रावण संपेपर्यंत खाली काळी बुरशी धरते.

माझ्या ओळखीच्या एका ताईंनी अख्ख्या खोलीला रोल चिकटवून घेतला होता. वरून लखलखीत. पण खोलीत शिरलं की कोंदट वास यायचा आणि दोन मुलं सारखी शिंकायची. गणपतीच्या सुट्टीत आम्ही कोपरा सोलून पाहिला, तर रोलच्या पाठीला हात लावताच काळपट बुळबुळीत थर बोटांवर आला. लादीवर गोंदाचे पिवळे चट्टे पडले होते, ते घासून निघाले नाहीत. भाड्याची जागा असेल तर अशा चट्ट्यांवरून डिपॉझिटचा वाद होतो, तो वेगळाच.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी एक परीक्षा करा, तिला खर्च नाही. दोन बाय दोन फुटांचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या आणि कोरड्या लादीवर, मधला सांधा झाकला जाईल असा, चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक पूर्ण दिवस आणि रात्र जाऊ द्या. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा लादी गडद झाली, तर त्या खोलीत कायमचं काहीही चिकटवू नका. ही परीक्षा पावसाळ्यात करा. दिवाळीच्या सेलमध्ये सगळ्याच खोल्या कोरड्या असतात.

तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर जमिनीची ओल नसते, पण न्हाणीघराला लागून असलेली खोली असेल तर तिथेही पाहून घ्या.

४. जाडी वयावरून ठरते.

बसायला शिकणारं बाळ मागे पडतं आणि डोकं आपटतं. पाय टाकायला लागलेलं मूल दिवसभरात किती वेळा पडतं याला गणती नाही. या वयाला २० मिलिमीटर जाडीची फोमची मॅट घ्या. १० मिलिमीटरची स्वस्त पडते, पण तिच्यावर अंगठा दाबलात तर खालची लादी लागते. दुकानातच दाबून पाहा. अंगठा काढल्यावर खळगा लगेच भरून आला पाहिजे. तीन-चार वर्षांच्या पुढच्या मुलांना मात्र पातळ चालते, त्यांना खाली बसताना गार लागू नये एवढंच हवं असतं.

कापसाची जाड गादी पसरणं हा यावरचा उपाय नव्हे. चालायला शिकणाऱ्याचं पाऊल गादीत रुततं, तोल जातो. आणि लहान बाळाचं तोंड मऊ गादीत दबलं तर जिवावर बेतू शकतं.

५. नव्या मॅटला वास येत असेल तर ती मुलांपुढे आणू नका.

कोड्यासारख्या एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅटमध्ये फॉर्मामाइड नावाचं रसायन सापडल्यावरून २०१० च्या अखेरीस बेल्जियमने त्यांची विक्री रोखली, पाठोपाठ फ्रान्सनेही पावलं उचलली. घाबरून जायला सांगत नाही. अशी रसायनं नव्या मॅटमधून सुरुवातीला जास्त बाहेर पडतात आणि मोकळ्या हवेत कमी होत जातात. तुकडे सुटे करून काही दिवस गॅलरीत सावलीत उभे ठेवा. कडक उन्हात नको, उन्हाने फोम ठिसूळ होतो. आठवडाभरानंतरही नाकाशी धरल्यावर डोळे चुरचुरले, तर मॅट परत करा. म्हणूनच बिल जपून ठेवायचं.

६. अक्षरांची मॅट तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही.

अ, आ, इ किंवा १, २, ३ सुटे निघणारी मॅट आईबाबांना फार आवडते. खेळता खेळता अक्षरं शिकेल, असं वाटतं. प्रत्यक्षात आठ महिन्यांचं मूल अनुस्वार उपटतं आणि तोंडात घालतं. सुमारे ३.२ सेंटिमीटर रुंदीच्या नळीत मावेल अशी कोणतीही वस्तू या वयात घशात अडकू शकते, खेळण्यांच्या सुरक्षेची जगभरातली चाचणी याच मापाने होते. फोमचा तर दाताने तुकडा पडतो. साधी, एकरंगी मॅट घ्या. कडेच्या पट्ट्या मुलं सोलून काढतात, त्यामुळे मॅटची एक बाजू भिंतीला टेकवा.

७. सतरंजीला कमी लेखू नका.

सुती सतरंजी धुता येते, उन्हात टाकता येते, फाटली तर दुमडून शिवता येते, आणि दहा वर्षं सहज जाते. पॉलिशच्या लादीवर ती सरकते, म्हणून खाली रबराची जाळी घाला. लहान बाळ असेल तर वर मेणकापड आणि दुपटं.

बालवाडीच्या प्रशिक्षणात मी एक गोष्ट शिकले, ती रोज वापरते. माँटेसोरी पद्धतीत प्रत्येक मूल आपलं छोटं आसन स्वतः अंथरतं, त्यावर आपलं काम मांडतं आणि संपल्यावर गुंडाळून जागेवर ठेवतं. दुसऱ्याच्या आसनावर पाय द्यायचा नाही, हे फार सांगावंही लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा त्यांनी महागड्या साहित्याच्या जागी आसपास मिळणाऱ्या वस्तू आणल्या. स्वस्तात चांगलं बालशिक्षण होतं, हे त्यांनी करून दाखवलं. जुन्या साडीच्या गोधडीतून कापलेलं हातभर आसन मूल इतक्या मानाने वापरतं की बघत राहावं.

८. केसाळ गालिचा आणि प्लास्टिकचं हिरवं गवत, दोन्ही नको. एकात धूळ आणि दमटपणा बसतो, दुसऱ्याने गुडघे सोलवटतात.

९. जे उचलता येत नाही ते स्वच्छ राहत नाही.

मुलाने सू केली की ती मॅटच्या सांध्यातून खाली जाते. वरून पुसून भागत नाही. ते दोन-तीन तुकडे लगेच काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, उभे करून वाळवा. एरवी आठवड्यातून एकदा सगळी मॅट उचला, पावसाळ्यात दोनदा. फिनाइल वापरलंत तर नंतर साध्या पाण्याने लादी पुन्हा पुसा, कारण रांगणारे हात थेट तोंडात जातात.

आणि सतरंजीखाली किंवा मॅटखाली डांबरगोळ्या कधीही ठेवू नका. जुन्या घरांत ही सवय अजून आहे. गोळी मुलाने गिळली तर विषबाधा होते, आणि ज्या मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटू लागतात. असं मूल आपल्या घरात आहे हे बहुतेकांना आधी माहीतही नसतं.

१०. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खालच्यांचाही विचार करा. ठोकळे आपटण्याचा आवाज जाड मॅटने बराच मरतो. दुपारी एक ते चार मुलांना मॅटवरच बसवलं, तर जिन्यात भेटल्यावर तोंड चुकवावं लागत नाही.

११. पाळणाघर बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या चित्रांपेक्षा जमिनीकडे बघा. चप्पल कुठे काढतात ते बघा, आणि तिथल्या ताईंना विचारून मॅटचा एक कोपरा उचला. खाली कोरडी, स्वच्छ लादी दिसली पाहिजे. चांगल्या ताईंना याचा राग येणार नाही. मी तर येणाऱ्या प्रत्येक आईला स्वतःहून उचलून दाखवते.