उजव्या हातावरची खूण

आजचे वाचन : प्रकटीकरण १३:११ ते १४:१२



शनिवारी रात्री आमच्या युथ ग्रुपवर एक व्हिडिओ आला. तळहातात बसवलेली चिप, मागे घाबरवणारं म्युझिक आणि शेवटी लाल अक्षरांत ६६६. "दहा जणांना पाठवा" असा आग्रहही होताच. थोड्या वेळाने आमच्यातल्या एका मुलीने मला वेगळा मेसेज केला : "दादा, मी ऑफिसमध्ये रोज उजव्या हाताचा अंगठा लावून हजेरी देते. माझं तारण जाईल का?"

मला हसू आलं नाही. शाळेत असताना कुणीतरी बारकोडबद्दल असंच सांगितलं होतं, तेव्हा मी बिस्किटाच्या पुड्यावरचा तेवढा कागद फाडून टाकायचो. बारकोड झाला, मग कार्ड, मग आधार, मग लस. भीती तीच, वस्तू बदलते. म्हणून आज हा भाग शांतपणे वाचू या.

आधी बघा, हे पत्र कुणाला लिहिलंय? पात्म बेटावरून योहान आशियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, सात मंडळ्यांना लिहितो. त्या शहरांत कैसराला देव मानायची रीत होती. पर्गममात तर त्याच्या नावाचं मंदिरच होतं. कारागिरांच्या संघांची जेवणं मूर्तींच्या साक्षीने व्हायची. तिथे जो हात जोडणार नाही, त्याचा धंदा बसायचा. खूण नाही तर खरेदी-विक्री नाही, हे शब्द त्या विश्वासणाऱ्यांना कोडं वाटले नसतील. त्यांच्या घरात रोजचाच तो प्रश्न होता.

आता तो आकडा. त्या काळी अक्षरांनाच अंकांची किंमत असे. आपल्याकडे टॅक्सीवर ७८६ लिहिलेलं दिसतं ना? तेही अरबी अक्षरांची बेरीज करूनच आलेलं आहे. 'नेरोन कैसर' हे नाव इब्री अक्षरांत लिहून बेरीज केली तर ६६६ येते. शेवटचा 'न' काढला तर ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ हाच आकडा सापडतो. इ. स. ६४ मध्ये रोम जळाल्यावर ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा हाच तो नेरो. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात, योहानाच्या डोळ्यांसमोर तो किंवा त्याच्यासारखाच कैसर होता.

सगळ्यांना हे पटत नाही. मार्टिन ल्यूथर आणि त्या काळच्या सुधारकांना यात पोपची सत्ता दिसली. आपल्या अनेक मंडळ्यांत शिकवतात की हा ख्रिस्तविरोधक अजून यायचा आहे. आणखी काही जण म्हणतात, सात हा पूर्णतेचा अंक, सहा म्हणजे कायम एक कमी. देवाची जागा घेऊ पाहणारी, पण तिथवर कधीच न पोहोचणारी प्रत्येक सत्ता म्हणजे हे श्वापद. विचार वेगळे असले तरी हे सगळे प्रभूवर प्रेम करणारे लोक आहेत, हे विसरू नका.

इरेनियस नावाच्या बिशपांनी इ. स. १८० च्या सुमारास याच आकड्यावर लिहिलं. दोन-तीन नावं बेरजेत बसतात हेही त्यांनी दाखवलं. पण पुढे म्हणाले की ठाम नाव घेण्याची घाई नको. ते नाव आत्ता कळणं गरजेचं असतं तर योहानानेच सांगितलं असतं. अठराशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला फॉरवर्ड बटण दाबण्याआधी आठवावा असाच आहे.

पण हात आणि कपाळच का? अनुवाद ६:८ उघडा. देवाने इस्राएलाला सांगितलं होतं की माझी वचनं हाताला बांधा, डोळ्यांच्या मध्ये ठेवा. म्हणजे तुमचं काम माझं, तुमचा विचारही माझा. श्वापद त्याच जागा मागतं. ती त्याने केलेली नक्कल आहे!

आणि लगेच पुढचं वचन वाचा. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात घातले गेले. योहानाच्या लिखाणात ६६६ नंतर थेट सियोन डोंगरावरचा कोकरा येतो, आणि त्याच्या लोकांच्या कपाळावर त्याचं व त्याच्या पित्याचं नाव आहे. आपण मात्र तेराव्या अध्यायाचा व्हिडिओ बनवतो आणि चौदाव्यापर्यंत पोहोचतच नाही.

त्या बहिणीला मी लिहिलं : "१४:९ बघ. तिथे खूण आणि उपासना एकत्र आहेत. ती पुढे यायची आहे असं मानलं, तरी श्वापदाला नमन न करता नकळत कुणाच्या हातावर ती बसेल, असं वचन सांगत नाही. हजेरीचं मशीन तुझं तारण घेऊ शकत नाही. कोकऱ्याने तुला रक्ताने विकत घेतलंय."

बराच वेळ उत्तर नाही. मग आलं : "दादा, आमचे सर मला दर महिन्याला खोट्या बिलांवर सही करायला लावतात. नाही म्हटलं तर नोकरी जाईल. त्याचं काय?"

मित्रांनो, तेरावा अध्याय इथे सुरू होतो. अंगठ्याची तिला भीती वाटत होती, पण प्रश्न त्याच हाताने होणाऱ्या सहीचा होता. सोपं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नोकरी गेली तर घर कसं चालेल हे मलाही माहीत आहे. मी एवढंच म्हणालो की तू एकटी नाहीस. रविवारी उपासनेनंतर आम्ही चौघं तिच्यासोबत बसलो, प्रार्थना केली आणि तिच्यासाठी दुसरं काम शोधायला लागलो. सात मंडळ्यांनीही बहुधा असंच एकमेकांना धरून ठेवलं असेल.

आज स्वतःला विचारा : माझा हात कुणाचं काम करतो? माझ्या डोक्यात दिवसभर कुणाचं नाव असतं?

प्रार्थना : प्रभू येशू, आकड्यांच्या भीतीतून आम्हाला सोडव. आमच्या हातावर आणि मनावर तुझंच नाव राहू दे. जिथे 'नाही' म्हणणं महाग पडतं, तिथे आम्हाला धीर दे आणि आमच्या शेजारी उभे राहणारे भाऊबहीण दे. आमेन.