कुत्र्याचे केस झडणारं घर आणि व्हॅक्यूम क्लीनर: घेताना आणि विकताना काय बघायचं

मागच्या व्हिडिओत आपण घरसफाईच्या सर्व्हिसचा हिशोब केला. त्यावर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा: "सर, ज्यांच्याकडे लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्ड आहे, तिथे कोणती मशीन न्यायची?" प्रश्न बरोबर आहे. सुरुवातीच्या भांडवलातले पंधरा हजार चुकीच्या मशीनमध्ये अडकले, तर बाकी सामानाला हात आखडता घ्यावा लागतो. आणि तुमचं दुकान असेल, तर ती मशीन आठ दिवसांत भांडण घेऊन परत येते.

आधी केस समजून घ्या. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, आपल्याकडे जो पॉमेरेनियन म्हणून विकला जातो तो स्पिट्झ, या सगळ्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ, आतला लोकरीसारखा मऊ. केस वर्षभर झडतात, ऋतू बदलताना आतला थर जास्तच. राठ केस सोफ्याच्या कापडात सुईसारखा रुतून बसतो. मऊ केस उडतो. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये हवेत फिरणारी रुई ज्यांनी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. मे महिन्यात कूलर सुरू असताना झाडू मारून बघा, अर्धे केस पलंगाखाली जातात. म्हणजे एकाच घरात दोन वेगळी कामं आहेत, आणि दोन्हींना वेगळं तोंड लागतं.

गिऱ्हाईक मात्र विचारतं, "किती वॅटची?" वॅट म्हणजे मशीन वीज किती खाते, बस्स. 1400 वॅटची मशीन तासाला 1.4 युनिट घेते. ओढण्याची ताकद किलोपास्कलमध्ये लिहितात, पण तीही बहुतेक वेळा तोंड बंद करून मोजलेली असते. केस उचलायला हवेचा प्रवाह लागतो. तरीही माझ्या मते या घरात निकाल मोटर लावत नाही, ब्रश लावतो.

आपल्याकडे गालिचे कमी, टाइल्स आणि कोटा फरशी जास्त. इथे जोरात फिरणारा कडक ब्रश उलटा त्रास देतो, केस मागे फेकतो. फरशीला साधं रुंद तोंड किंवा मऊ रोलर पुरे. खरी कसोटी सोफा, गादी आणि गाडीच्या सीटवर आहे. तिथे फिरणारा छोटा ब्रश पाहिजेच. त्यात दोन प्रकार. एक हवेवर फिरतो, त्याला टर्बो ब्रश म्हणतात. स्वस्त असतो, पण सोफ्यावर दाबला की मंदावतो. दुसऱ्यात स्वतःची छोटी मोटर असते, तो दाबूनही फिरतो. पण त्याला वीज पाइपातून येते, म्हणून "आत्ता साधी घेतो, नंतर ब्रश लावू" हे जमेलच असं नाही. घेतानाच विचारा. आणि दुकानातच रोलर बाहेर काढून बघा. केस त्याच्यावर गुंडाळले जाणारच, ते कात्रीने कापून काढावे लागतात. रोलर निघत नसेल तर मशीन खाली ठेवून द्या.

एक बिनखर्चाची गोष्ट: सोफ्यावर आधी ओलसर रबरी हातमोजा एकाच दिशेने फिरवा. केसांचे गोळे होतात, मशीनचं निम्मं काम वाचतं.

आता डबा की पिशवी? डब्याचा वरचा खर्च नाही, पण मऊ केस आतल्या जाळीला चिकटतात आणि ओढ कमी होते. पिशवी विकत आणावी लागते, पण केस आणि धूळ बंद होऊन बाहेर जाते. रोज सर्व्हिसला जाणाऱ्याने पिशवीचा विचार जरूर करावा, फक्त त्या पिशव्या वर्ध्यात किंवा नागपुरात मिळतात का ते आधी बघावं. घरात कुणाला ॲलर्जी असेल तर हेपा फिल्टर हवा. तो 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. मात्र ॲलर्जी केसापेक्षा कुत्र्याच्या कोंड्यातून आणि लाळेतून येते, म्हणून नुसते केस उचलून भागत नाही. धुता येणारा फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय लावायचा नाही, नाहीतर ओल्या कुत्र्याचा वास घरभर. पावसाळ्यात एक जास्तीचा फिल्टर जवळ ठेवा.

बॅटरीवाल्या मशीन हलक्या, पण जास्तीत जास्त जोरावर बहुतेक दहा-पंधरा मिनिटांत थकतात. रोज घरातल्या घरात फिरवायला ठीक, धंद्याला नाही. रोबोचा डबा लहान, केसांनी लगेच भरतो. आणि पिल्लाने फरशीवर घाण केलेली असेल तर रोबो ती खोलीभर सारवतो, हेही गिऱ्हाइकाला विक्रीआधीच सांगा. धंद्यासाठी मी ओलं-सुकं दोन्ही ओढणारी, 15 ते 20 लिटरची मशीन आणि वेगळा मोटरवाला ब्रश सुचवतो. 1400 वॅटला सहा अँपिअरच्या आसपास करंट लागतो, म्हणून बारीक वायरचं एक्स्टेंशन नको, पॉवर पॉइंटच वापरा. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ही चालवू नका.

विकणाऱ्यांसाठी एक उदाहरण. 1982 मध्ये फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून युरेका फोर्ब्स सुरू केली. व्हॅक्यूम क्लीनर म्हणजे काय हेच बहुतेक घरांना माहीत नव्हतं. त्यांचे सेल्समन दारोदार गेले आणि ग्राहकाच्याच गादीतली धूळ काढून दाखवली. आपणही तेच करायचं. काउंटरवर तांदूळ ओढून दाखवू नका, तांदूळ कोणतीही मशीन ओढते. गिऱ्हाइकाला सांगा, "ताई, कुत्र्याच्या अंथरुणाची चादर घेऊन या." त्यावर चालवा. जी मशीन तिथे हरते, ती या घरासाठी नाही.

सर्व्हिसचा दर ठरवताना असं धरा: मशीन 15 हजारांची, दोन वर्षं, महिन्याला दहा घरं. म्हणजे 240 फेऱ्या, फेरीला साधारण 63 रुपये मशीनचेच. पिशवी-फिल्टरचे 30 धरा. पण मोठा खर्च वेळेचा आहे. जे घर दोन तासांत होतं, तिथे कुत्रा असला की तीन तास लागतात. म्हणून फोनवर बुकिंग घेतानाच विचारायचं: कुत्रा आहे का, कोणता, सोफ्यावर बसतो का? दर त्यानंतर सांगायचा. दारात जाऊन वाढवलेला दर कुणालाच आवडत नाही. आणि मशीन सुरू करण्याआधी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत न्यायला सांगा, कारण आवाजाने तो बिथरतो आणि पाइपला चावतो.